कांताच्या घरचं पाणी

माझी नणंद गाडीत राहते, असं मी विनीतच्या आईला सांगितलं तेव्हा त्यांनी मनापासून काळजीने विचारलं, “अगंबाई, म्हणजे फूटपाथच्या कडेला?” विनीत म्हणजे आमचा होणारा जावई. त्यांचं घर घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये, इतकं वर की तिथून खाली पाहिलं तर मलाच गरगरतं. मी म्हटलं, “नाही हो, फिरत असते ती. हौस आहे तिला.” आणि विषय वळवून हॉलच्या सजावटीवर नेला. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं, त्यात नणंदेचं रामायण कुठे सांगत बसू?

ते रामायण आता निवांत सांगते.

कांता माझ्या नवऱ्याची, उत्तमची, धाकटी बहीण. मी लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा ती कॉलेजात होती आणि माझ्या साड्या मला न विचारता नेसायची. मग तिचं लग्न झालं आणि ती एकच स्टेशन पलीकडे, ठाकुर्लीला गेली. तिचे यजमान प्रफुल्लराव एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात होते. माणूस देवगुणी, पण गाडीच्या बाबतीत भित्रा. अजूनही घाट लागला की त्यांना लिंबू हुंगावं लागतं. आणि बायको मिळाली ती ही!

कांताच्या शेजारच्या दोन मुलांचा रिक्षावाला सारखी दांडी मारायचा, म्हणून ती त्यांना शाळेत सोडायला लागली. आधी चालत, मग स्कूटीवर, मग एक जुनी व्हॅन घेतली. बघता बघता सगळ्या डोंबिवली पूर्वेत ती ‘व्हॅनवाल्या कांताताई’ झाली. बिल्डिंगखाली येऊन दोनच हॉर्न मारायची. तेवढ्यात पोर खाली आलं नाही तर पुढचं त्याच्या आईने बघायचं. गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायची आणि “हात आत, डबा मांडीवर” म्हणून गिअर टाकायची. आमच्या लेकीला, संचितालाही, तिने असंच शाळेत नेलं, तिलाही कधी तिसरा हॉर्न मिळाला नाही.

तिला स्वतःला मूल झालं नाही. हे मी एका वाक्यात सांगते, कारण डॉक्टर आणि उपासतापासांत तिची बरीच वर्षं गेली आणि त्यांच्याबद्दल बोललेलं तिला आवडत नाही. पण त्यातून एक गोष्ट मागे राहिली, ती सांगायलाच हवी. आम्ही मूळचे सातारा भागातले. आमच्या जुन्या माणसांत असं आहे की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणी पिऊ नये. बहुतेकींच्या बाबतीत वर्षा-दोन वर्षांत प्रश्न मिटतो. नातू झाला की आईबाप पेढे घेऊन जातात आणि लेकीच्या हातचं पोटभर जेवून येतात. कांताच्या बाबतीत प्रश्न मिटलाच नाही.

माझ्या सासूबाई, रखमाबाई, या नियमाच्या पक्क्या. ठाकुर्लीला लेकीकडे जायच्या, तास-दोन तास बसायच्या, पण बरोबर स्वतःचा फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या न्यायच्या. तहान लागली की झाकण फिरवून आपलंच पाणी प्यायच्या. कांता सरबताचा ट्रे सगळ्यांपुढे धरायची आणि आईपुढून न थांबता पुढे जायची. दोघी तोंडाने एक अक्षर बोलायच्या नाहीत. सासरे तर लेकीच्या घरचा घोटही न घेता वारले. मी एकदा धीर करून म्हटलं, “आई, पुरे की आता, कोण मानतं हे?” तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने भाजी निवडायला लागले.

पुढे कोविडात शाळा बंद पडल्या, व्हॅन बिल्डिंगखाली उभी राहिली. शाळा पुन्हा सुरू झाल्या तोवर प्रफुल्लराव रिटायर झालेले. मग एके दिवशी दोघं आमच्याकडे आली आणि चहा पिता पिता कांताने सांगून टाकलं, “दादा, आम्ही ठाकुर्लीचा ब्लॉक विकतोय. सतरा सीटची ट्रॅव्हलर घेतलीये. आतून घर करून घेणार, आणि त्यातच राहणार.”

उत्तमच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. सासूबाई मात्र आतून ताडताड बाहेर आल्या.

“घर मोडून चाकांवर बसतीस? उद्या कुणी विचारलं लेक कुठं दिलीया, तर काय सांगू? पत्ता तरी हाय का तुला?”

“आहे की,” कांता म्हणाली, “जिथे हँडब्रेक ओढेन तो पत्ता.”

“मग ते घर न्हवं. म्या न्हाय मानत.”

कांता हसली, पण ते वाक्य तिला लागलं होतं. ती लहानपणापासून अशीच, लागलं की जास्त हसते.

तीन वर्षं ती दोघं फिरली. कोकण, गोकर्ण, पार कन्याकुमारी, मग वर कच्छ. कधी समुद्रकाठी महिनाभर मुक्काम, कधी कुणाच्या शेतात. फोनवर प्रफुल्लराव घाटांचं वर्णन करायचे, कांता बाजारातल्या भाजीचं. मधे सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ती ट्रेनने येऊन गेली, पण घर घेऊन काही आली नव्हती. ते घर यंदा आलं, संचिताच्या लग्नाला.

आणि आल्या आल्या अडलं. आमच्या सोसायटीत मोठ्या गाड्यांना बंदी आहे. सेक्रेटरी खाली येऊन गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, “वहिनी, माणसं आत, गाडी बाहेर.” बाहेर आमच्या रस्त्यावर स्कूटर लावायला जागा मिळत नाही. मी म्हटलं, “कांता, गाडी कुठेतरी पे-पार्किंगला टाक आणि तुम्ही दोघं हॉलमध्ये झोपा. गाद्या काढून ठेवल्यात.”

“माझं घर असताना मी हॉलमध्ये का झोपू?” म्हणत ती पुन्हा स्टिअरिंगवर बसली आणि थेट खंबाळपाड्याला धाकू पाटलांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. धाकूशेठ तिथले जुने आगरी. त्यांची तिन्ही नातवंडं कांताच्या व्हॅनमधून शाळेत गेलेली. म्हातारा खाटेवरून उठलासुद्धा नाही. नुसता हात दाखवून म्हणाला, “लाव गो त्या आंब्याखाली. तुला जाग्याचा काय तोटा?” पाण्याचा पाइपही त्यांनीच जोडून दिला.

दुसऱ्या दिवशी मी ते घर बघायला गेले. नाक मुरडायच्या तयारीनेच गेले होते, खोटं कशाला बोलू. चढायच्या पायरीशी दोघांच्या नावाची पाटी. आत दोन बर्नरची शेगडी ओट्यात बसवलेली, ओट्याखाली पाण्याची टाकी, शेल्फांना दांड्या म्हणजे वळणावर डबे पडू नयेत. दिवसा बाक, रात्री पलंग. ड्रायव्हरच्या डोक्यावर छोटंसं देवघर आणि खिडकीत सुतळीने घट्ट बांधलेली तुळस. मिक्सरसुद्धा होता. माझ्या स्वयंपाकघरात पुरणयंत्र शोधायला अर्धा तास लागतो, हिचं सगळं हाताशी. एका खिडकीचा पडदा मळका होता, तेवढ्यावरच मी भागवलं.

“वहिनी,” चहा पुढे ठेवत कांता म्हणाली, “संचिताचं केळवण मी करणार. एकुलती एक आत्या आहे मी.”

“कर की. आमच्या घरी कर. मी पुऱ्या लाटते.”

“केळवण ज्याने-त्याने आपापल्या घरी करायचं असतं. माझ्या घरी करणार. विनीतलाही बोलवायचं.”

माझ्या डोळ्यांपुढे तो टॉवर आला आणि विनीतच्या आईचा तो फूटपाथचा प्रश्न. मी म्हटलं, “अगं, ते लोक काय म्हणतील? आणि माणसं बसणार कुठे? आणि गाडीत कधी कुणी केळवण केलंय?”

“तेच तर, वहिनी,” ती म्हणाली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. “सगळे गाडी म्हणतात. अख्खा देश फिरले, जिथे थांबले तिथल्या माणसांनी दारात येऊन ‘घरी आहात का’ विचारलं. आणि माझ्या स्वतःच्या गावात माझ्या घराला घर म्हणणारं कुणी नाही. आई तर नाहीच. आई केळवणाला आली ना, तर मी जिंकले. पाणी नाही प्यायली तरी चालेल. ते काय, सवयीचंय.”

एवढं बोलल्यावर मी काय करणार? म्हटलं, “पुऱ्या मीच लाटणार मात्र. तुझ्या पुऱ्या फुगत नाहीत.”

बेत ठरला तो कांताच्या जुन्या पद्धतीनेच. पाहुण्यांनी घरी यायचं नाही, घर पाहुण्यांच्या दारी जाणार. आम्हाला डोंबिवलीत घ्यायचं, माझी धाकटी बहीण स्वप्ना दिव्याला राहते तिला वाटेत घ्यायचं, विनीतला घोडबंदर रोडवर घ्यायचं आणि गायमुखच्या पुढे खाडीकाठी ओळखीच्या एका वाडीत थांबून पंगत मांडायची. सासूबाई आधी “गाडीत कुठं केळवण असतंय व्हय?” म्हणाल्या. मग संचिता त्यांच्या गळ्यात पडली, “आजी, चल ना गं, तुझ्याशिवाय मी नाही जेवणार,” आणि नातीपुढे त्यांचं काही चाललं नाही.

रविवारी सकाळी आमच्या गेटशी दोन हॉर्न वाजले. मी पदर खोचून पुऱ्यांचा डबा घेऊन धावले, कारण हिचा काही भरवसा नाही. उत्तम सासूबाईंना हाताला धरून खाली घेऊन आला. ठेवणीतलं इरकली लुगडं, नाकात नथ, आणि काखेत तो फिरकीचा तांब्या.

तांब्या बघून मला आधी हसूच आलं. जे घरच नाही, तिथे स्वतःचं पाणी कशाला? पण मी जीभ चावली. कांताने सगळ्यांच्या डोक्याला हात लावून मोजलं, आईच्या डोक्यालाही, आणि दार लावता लावता मला कोपराने ढोसलं.

“वहिनी, बघितलंस? आईने तांब्या आणला!”

“हो, मग?”

“मग काय! एसटीत तांब्या नेते का ती? ट्रेनमध्ये नेते का? लेकीच्या घरीच नेते ना?” तिचा चेहरा असा फुलला होता की तिला कुणी पैठणी दिल्यासारखं वाटावं. “दादा, हात आत!” असं सख्ख्या थोरल्या भावाला दरडावून तिने गाडी काढली.

शीळ रोडने दिव्याला पोचलो. स्वप्नाच्या गल्लीत गाडी शिरणं शक्यच नव्हतं, तर स्वप्नाच नाक्यावर येऊन उभी होती, हातात नारळ आणि कपाळाला आठ्या. त्यांच्या बिल्डिंगला दोन दिवस पाणी नव्हतं. आत आल्याबरोबर तिने नळ सोडून बघितला. “कांताताई, तुझ्या घरात आमच्या अख्ख्या मजल्यापेक्षा जास्त पाणी आहे गं. केस धुवून घेऊ का?” म्हणाली आणि दोन पेले घटाघटा प्यायली. समोर सासूबाई तांब्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली.

विनीतच्या टॉवरच्या गेटवर वॉचमनने विचारलं, “डिलिव्हरी है क्या?” कांता म्हणाली, “हां, लडके को लेने आये हैं.” विनीत खाली आला आणि त्याच्यामागून त्याची आईही. झालं, म्हटलं. त्या बाईंनी पायरीशी चपला काढल्या, आत येऊन शेगडी पाहिली, फ्रिज उघडून पाहिला, बाथरूममध्ये डोकावल्या. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “असं करून द्यायला किती दिवस लागतात हो? आमचे हे रिटायर होतायत.” मी म्हटलं, “कांतालाच विचारा, तिचं घर आहे.” ते ‘घर’ माझ्या तोंडून सहज गेलं आणि कांताने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग विनीतच्या आई उतरून घरी गेल्या आणि आम्ही निघालो.

पुढे कासारवडवली सोडली आणि गाडी थांबली ती थांबलीच. घाटात कुठेतरी कंटेनर बंद पडला होता. घोडबंदर रोडला हे काही नवीन नाही. पण भर दुपार होत आलेली, एसी इंजिनवर चालणारा, आणि कांताने डिझेल जाळायला नको म्हणून इंजिन बंद केलेलं. खिडक्या उघडल्या तर धूळ, बंद केल्या तर उकाडा. प्रफुल्लराव घाट आलेला नसतानाही लिंबू हुंगत होते. विनीत आणि संचिता मागच्या बाकावर फोनमध्ये डोकं घालून हसत होते, त्यांना जॅमचं काय! गाड्यांच्या मधून शेंगदाणेवाले आणि पाण्याच्या बाटल्या विकणारे फिरायला लागले.

सासूबाईंनी तांब्याचं झाकण फिरवलं, तोंडाला लावला आणि खाली घेतला. पाणी संपलं होतं. त्यांनी तो एकदा हलवून पाहिला आणि पदराने तोंड पुसलं. त्यांना डायबेटिस आहे, तोंड चटकन कोरडं पडतं.

मला राहवेना. आणि मला वाटलं, मला फारच हुशारीची युक्ती सुचलीये. मी म्हटलं, “आई, तुम्हीच म्हणता ना, हे घर नाही, गाडी आहे? मग गाडीत कसला आलाय नियम? प्या की पाणी.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही ते पटलं, चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. “व्हय की,” त्या म्हणाल्या. “रेल्वेत न्हाय का पीत आपण? गाडीच ही. दे गं पाणी, वासंती.”

मी पेला भरला. तेवढ्यात पुढे खर्रकन हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. कांता सीटवरून उठून मागे आली आणि तिने माझ्या हातातला पेला काढून घेतला.

“वहिनी, खिडकीतून बाटली घे आईसाठी. गार घे.”

“अगं, पण पाणी आहे ना इथे—”

“इथलं नको.” ती आईसमोर उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता. “आई, तू इतकी वर्षं माझ्याकडे पाणी प्यायली नाहीस. मला वाईट वाटायचं, खूप वाटायचं. पण ते माझं घर आहे म्हणून तू पीत नव्हतीस. आज तू तांब्या घेऊन चढलीस ना, तेव्हा मला किती बरं वाटलं, कसं सांगू? म्हटलं, आईने मानलं. आता घोटभर पाण्यासाठी माझं घर काढून घेऊ नकोस. पाणी पिऊ नकोस, पण गाडी म्हणू नकोस.”

मागचं हसणं थांबलं. उत्तमने खिडकीतून बाटली घेतली आणि आईच्या हातात दिली. त्याला असल्या वेळी काहीतरी वस्तू हातात द्यायचं एवढंच सुचतं. मला माझ्या हुशारीची इतकी लाज वाटली की मी पुऱ्यांचा डबा उगाच उघडून बंद केला.

सासूबाईंनी बाटली उघडली नाही. दोन्ही हातांत धरून बसल्या. मग बोलल्या, तेही बाटलीकडे बघत.

“लोकं म्हनत्यात रखमाबाई कडक. कडक कसली. तुझ्या घरचं पाणी प्याले असते, तर आता हिला काय व्हायचं न्हाय, असं मीच बोलल्यावानी झालं असतं. माझ्या तोंडानं कसं बोलू? मी पीत न्हवते तवर वाटायचं, अजून दार उघडं हाय.”

“आई, मला पस्तिशीतच कळलेलं गं.”

“तुला कळलं. मला कळून घ्यायचं न्हवतं.” त्यांनी नथीखालून नाक पुसलं. “मग तुझं वय गेलं. तवा ध्यानात आलं, आता कुणासाठी धरून बसलीया? पर एवढी वर्सं न पिता काढली, अन् एकाएकी पेला कसा मागू? लाज वाटली. तुझा बा तर तसाच गेला.”

मला रडू यायला लागलं होतं. स्वप्ना तर उघडउघड हुंदके देत होती. तिला कशालाही रडू येतं, पण त्या दिवशी मी तिला काही बोलले नाही.

सासूबाईंनी बाटली बाजूला बाकावर ठेवली. “कांता,” त्या म्हणाल्या, “तुझ्या घरात पाणी कुठं ठेवतीस?”

कांताने ओट्याकडे बोट केलं. सासूबाई शेल्फाच्या दांडीला धरून उठल्या. उत्तम सावरायला पुढे झाला तर कांताने त्याला हाताने मागे सारलं. म्हातारी हळूहळू ओट्यापाशी गेली. झाकण काढून तिथली पिण्याच्या पाण्याची कळशी पाहिली, शेजारची भांडी चाचपली, त्यातला एक पेला उचलून आतून पदराने पुसला. पुसायची काही गरज नव्हती, पण लेकीच्या स्वयंपाकघरात आईने काहीतरी पुसणारच. मग पाणी घेतलं आणि मान वर करून, वरून धार सोडत, सगळा पेला रिकामा केला. आणि पुन्हा भरला.

“जरा वाळ्याची जुडी टाकत जा कळशीत,” दुसरा पेला संपवून त्या म्हणाल्या. “अन् आता वाढ. भूक लागलीया मला.”

“आई, वाडीत पोचल्यावर पंगत—”

“वाडी-बिडी काय न्हाय. तुझ्या घरी बोलवलंयस न्हवं? मग इथंच वाढ.”

मग काय विचारता! बाकांच्या मधे फळी टाकली. ताटाभोवती काढायला कांताने रांगोळीऐवजी झेंडूच्या पाकळ्या आणल्या होत्या, गाडी हलली तरी पुसायची भीती नाही. संचिता आणि विनीतला शेजारी बसवून औक्षण केलं. प्रफुल्लरावांनी लिंबू खिशात टाकलं आणि बासुंदी वाढायला घेतली. साखरेची म्हणून सासूबाईंना फक्त एक पळी. पण मसालेभात, अळूवडी, बटाट्याची भाजी आणि माझ्या टम्म फुगलेल्या पुऱ्या, एकूण एक पदार्थ त्यांनी मागून घेतला. बाजूच्या गाडीतली माणसं काच खाली करून बघत होती. एका बाईंना स्वप्नाने अळूवडी दिलीसुद्धा.

कांता काही बसेना. आईच्या ताटाशी उभी राहून प्रत्येक घास तोंडात जाताना बघत होती. मी तिला ओढून बसवायला गेले तर म्हणाली, “थांब वहिनी, मला बघू दे.”

तेवढ्यात पुढच्या गाड्या हलल्या. कंटेनर बाजूला केला असावा. मागून हॉर्नचा एकच कल्ला उठला. कांता पुढे गेली, गाडी सुरू करून सावकाश डावीकडे रस्त्याच्या पार कडेला घेतली आणि पुन्हा हँडब्रेक ओढला. मागच्या गाड्या एकेक करून आम्हाला ओलांडून निघाल्या, बघत बघत.

ट्रॅफिकचा हवालदार काचेवर काठी आपटत आला. “ओ ताई, रस्ता मोकळा झालाय, निघा की! इथे काय मुक्काम करताय?”

कांताने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. डोळे लाल, पण आवाज तोच, सगळ्या पूर्वेतली पोरं ज्याला वचकायची तो.

“साहेब, थोडा वेळ थांबावं लागेल. माझ्या घरी आई जेवायला आलीये.”